आर्क्टिकच्या माशा-देवमाशांमधला पारा: थोडं बघितलेलं, थोडं वाचलेलं

उत्तरेची_नर्स

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत वर्ष गेलं, आज सुट्टी आहे तर बसलेच.

मी मूळची साताऱ्याची, कॅनडात नर्स आहे. मधे दोन हिवाळे आणि एक आख्खा उन्हाळा क्वेबेकच्या पार उत्तरेला नुनाविकमध्ये काम केलं. नुनाविक म्हणजे इनुइट लोकांचा मुलुख, किनाऱ्याकिनाऱ्याने १४ गावं, आणि दक्षिणेकडून एकाही गावाला रस्ता नाही. माणसं विमानाने, दूध-भाजी विमानाने, बाकी जड सामान उन्हाळ्यात बर्फ फुटला की बोटीने. मी होते ते गाव हडसन सामुद्रधुनीच्या काठावरचं. तिथून बेलुगा जातात, पांढरे देवमासे, आणि ते आले की गावातली शाळा-ऑफिस सगळं अर्धं रिकामं होतं.

पहिल्याच महिन्यात एक मुलगी आली, बाविशीची असेल, चौथा महिना. तिच्या रक्तातल्या पाऱ्याचा रिपोर्ट आला होता. कॅनडात गरोदर बायकांसाठी लिटरमागे ८ मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची रेघ धरतात, तिचा आकडा त्याच्या बराच वर होता. मी दक्षिणेतल्या शहरात शिकलेलं पाठ म्हणून दाखवलं, की समुद्रातलं शिकारीचं काही खाऊ नकोस, बेलुगा बंद, सील बंद, बाळ होईपर्यंत दुकानातलं खा. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मग मी खाऊ काय?"

मला उत्तर आलं नाही. कारण दुकानात मी रोज जात होते ना. गोठवलेले पिझ्झे, चिप्स, सोडा, आणि विमान दोन दिवस उशिरा आलं की काळी पडलेली केळी, ती पण अशा भावाने की हातात घेऊन परत ठेवावीत.

दुभाष्याचं काम करणारी एक आजी शेजारी बसली होती. ती नंतर मला म्हणाली की तू तिला बेलुगा बंद सांगितलंस, पण बेलुगातलं काय बंद? मत्ताक, मांस, की तेल? मला तोवर फरकच माहीत नव्हता. त्या आठवड्यात तिने मला घरी जेवायला बोलावलं. जमिनीवर पुठ्ठा पसरलेला, त्यावर मत्ताक म्हणजे बेलुगाची कातडी आणि खालची चरबी, पांढरी-गुलाबी, रबरासारखी, ती उलूने (बायकांची अर्धगोल सुरी, आपल्या विळीची आठवण येते) बारीक चौकोन करत होती. आणि बाजूला निक्कू. निक्कू म्हणजे मांसाच्या पट्ट्या वाऱ्यावर वाळवलेल्या, काळ्याकुट्ट, दिसायला जुन्या चामड्यासारख्या. आपल्याकडे किनाऱ्यावर बोंबील वलांडीवर टाकतात तशाच मांडण्या गावाबाहेर असतात.

पारा त्या काळ्या पट्ट्यांमध्ये आहे. मत्ताकमध्ये त्या मानाने कमी. आणि मी दोन्ही एका वाक्यात बंद करून मोकळी झाले होते.

तेव्हापासून या विषयाचं जे मिळेल ते वाचतेय. ज्या गावात एक धुराडं नाही, कारखाना नाही, तिथल्या पोरीच्या रक्तात पारा कुठून आला, ही गोष्ट मला झोपू देत नव्हती. इथे रसायनवाले, मासेवाले, डॉक्टर सगळे आहेत, म्हणून धागा काढतेय. जमेल तसं लिहा.

कुतूहल_पुणे

ताई, वाचून गलबलून आलं. एक बेसिक प्रश्न, हसू नका. लहानपणी थर्मामीटर फुटला की आम्ही पाऱ्याच्या गोळ्या हातावर खेळवायचो. तोच पारा का हा? आणि तो ध्रुवावर पोचतो कसा, नद्यांनी?

रसायन_मास्तर

हसण्यासारखं काहीच नाही, हाच प्रश्न वर्गात दरवर्षी येतो.

मूलद्रव्य तेच, पण रूपं तीन आणि तिन्हीचे स्वभाव वेगळे. थर्मामीटरमधला द्रव पारा चुकून पोटात गेला तर जवळपास तसाच बाहेर पडतो, त्याची वाफ मात्र फुप्फुसात गेली की वाईट (म्हणून हातावर खेळवणं चूकच होतं, बंद खोलीत तर फारच). दुसरं रूप क्षारांचं. तिसरं मिथाइलमर्क्युरी, आणि या धाग्याचा खरा विषय तो आहे. अन्नातून गेलेलं मिथाइलमर्क्युरी आतड्यातून ९५ टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं. शरीरात ते सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटतं आणि ती जोडगोळी दिसायला मेथिओनिनसारखी असते, त्यामुळे मेंदूचं दार राखणारी यंत्रणा आणि गर्भाशयातली वार दोघंही त्याला अन्न समजून आत घेतात. बाळाच्या नाळेतल्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा जास्त पारा सापडतो, तो यामुळे.

आता पोचतो कसा. मुख्यतः हवेने. कोळसा जाळला, खाणीत सोनं काढताना पारा तापवला, सिमेंट भाजलं, की पारा वाफ होऊन वर जातो. ही वाफ आळशी आहे, कुणाशी पटकन संयोग करत नाही, त्यामुळे काही महिने हवेत राहते आणि तेवढ्यात पृथ्वीला फेरी मारून होते. म्हणून आर्क्टिकमधला पारा बहुतेक सगळा बाहेरगावचा.

मग तिथे उतरतो कसा, हे मला स्वतःला फार विलक्षण वाटतं. कॅनडाच्या उत्तर टोकाला अलर्ट नावाचं ठाणं आहे, ८२ अंश उत्तरेच्याही वर. तिथे १९९५ मध्ये हवेतल्या पाऱ्याचं सलग मोजमाप सुरू झालं आणि लक्षात आलं की महिनोन्महिन्यांची रात्र संपून सूर्य उगवला, की वसंतात मधूनच हवेतला पारा एकदम खाली कोसळतो, जवळपास शून्यावर. आणि त्याच वेळी जमिनीलगतचा ओझोनही कोसळतो. कारण ब्रोमिन. समुद्राच्या खाऱ्या बर्फावरून ब्रोमिन सुटतो, ऊन लागलं की क्रियाशील होतो आणि त्या आळशी वाफेला पकडून असं रूप देतो जे बर्फावर बसतं. बसलेल्यातला बराचसा उन्हाने परत उडूनही जातो, सगळा राहत नाही, हे पण सांगायला हवं. पूर्वी वाटायचं हीच मुख्य वाट. पण अलास्कातल्या टुंड्रावर केलेलं काम २०१७ मध्ये आलं, त्यात दिसलं की जमिनीवर तरी मोठा वाटा झाडपाल्याचा आहे, शेवाळ-झुडपं हवेतून पारा सरळ ओढून घेतात, मग तो मातीत जातो आणि नद्यांनी समुद्रात. म्हणजे कुतूहल, तुमचं नद्यांचं म्हणणं शेवटच्या टप्प्याला बरोबर आहे.

सागरिका_वेंगुर्ला

मास्तर खूप छान समजावलंत. पण समुद्रात पडल्यावर तो मिथाइल वगैरे कोण करतं? आणि ताई, आमच्याकडे सगळे म्हणतात की माशातलं विष चरबीत असतं, तेल काढून टाकलं की झालं. तुम्ही उलटं लिहिलंय, मांसात जास्त चरबीत कमी. हे कसं?

रसायन_मास्तर

कोण करतं: जिवाणू. ऑक्सिजन कमी असलेल्या जागी राहणारे काही. त्यांच्यात हे काम करणारी जनुकांची जोडी २०१३ मध्ये सापडली. समुद्रात ते पाण्यात बुडणाऱ्या सेंद्रिय कचऱ्यावर बसून काम करतात असं दिसतं. अटलांटिक-पॅसिफिकमध्ये मिथाइलमर्क्युरीचा सगळ्यात दाट थर काहीशे ते हजारेक मीटर खोल असतो. मध्य आर्क्टिक महासागरात तोच थर दीड-दोनशे मीटरवर मिळाला, २०१५ मध्ये हे छापून आलं. म्हणजे जिथे प्लवंग आणि छोटे जीव चरतात त्याच्या अगदी पायाशी. पारा तेवढाच असता तरी नुसत्या या उथळपणाने तो अन्नात जास्त गेला असता.

चरबीचं ताई सांगतील.

उत्तरेची_नर्स

@सागरिका, हा घोळ मीही केला आणि डॉक्टर लोकांनाही करताना पाहिलाय, म्हणून नीट लिहिते.

उत्तरेत दोन वेगळी संकटं आहेत आणि लोक ती एकत्र करतात. एक पीसीबीसारखी, म्हणजे कारखान्यात बनवलेली क्लोरीनवाली रसायनं, ती चरबीत विरघळतात. १९८० च्या दशकात क्वेबेकमधल्या संशोधकांनी 'स्वच्छ' नमुना मिळेल म्हणून नुनाविकच्या आयांचं दूध तपासलं आणि त्यात दक्षिणेतल्या बायकांपेक्षा कितीतरी पट पीसीबी निघाले. ते सगळं चरबीचं प्रकरण. ती रसायनं बंद झाली आणि आता हळूहळू उतरतायत.

मिथाइलमर्क्युरी प्रथिनाला धरतं. म्हणून ते स्नायूत, म्हणजे मांसात. चरबी काढून टाकली तरी काही फरक पडत नाही, शिजवून नाही, धुऊन नाही. आणि वाळवलं की पाणी जातं पण पारा तिथेच, म्हणजे निक्कूच्या एका ग्रॅममध्ये ताज्या मांसाच्या ग्रॅमपेक्षा जास्त. नुनाविकच्या आरोग्य खात्याने २०११ मध्ये गरोदर आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना बेलुगाचं *मांस* कमी खा असं सांगितलं ते म्हणूनच. मत्ताक बंद करा असं नाही सांगितलं. आर्क्टिक चार नावाचा मासा तर उलट गरोदर बायकांना मिळावा म्हणून वाटपाची योजना काढली, त्यात पारा कमी आणि ओमेगा-३ भरपूर.

आणि अन्नसाखळीचं बघ ना, पाण्यात पारा इतका कमी की मोजायला खास यंत्रं लागतात. बर्फाखालचं शेवाळ तो घेतं तिथेच दहा हजार ते लाख पट होतो. ते शेवाळ कोपेपॉड खातात, तांदळाच्या दाण्याएवढे जीव. ते आर्क्टिक कॉड खातो, तो वीतभर मासा पण उत्तरेचा सगळा समुद्र त्याच्यावर जगतो. कॉडला सील आणि बेलुगा खातात, सीलला अस्वल. दर पायरीला खाणारा मांस जिरवतो, ताकद वापरतो, पारा मात्र ठेवून घेतो. आणि बेलुगा काही दोन वर्षांत मरत नाही, दशकं जगतो, तेवढी दशकं साठवतो.

चंद्रपूरकर

ताई मी हे सगळं दोनदा वाचलं. मी चंद्रपूरचा आहे, आमच्या घराच्या गच्चीवरून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. लहानपणापासून सकाळी कपडे वाळत टाकायचे असले की आई आधी वारं कुठून आहे ते बघते, राख पडते म्हणून. आम्ही राखेबद्दल बोलतो, दम्याबद्दल बोलतो, उन्हाळ्यातल्या ४६-४७ डिग्रीबद्दल बोलतो. पाऱ्याबद्दल इथे मी कोणाला बोलताना ऐकलेलं नाही. आणि तो पारा इथे नाही तर बर्फाच्या देशात कोणत्या तरी लेकराच्या डोक्यात जाऊन बसते हे तर डोक्यातच आलं नव्हतं. खरंच आमच्याकडला जातो का तिकडे?

रसायन_मास्तर

जातो, पण एका चिमणीचा धागा धरून एका बेलुगापर्यंत जाता येत नाही. सगळ्या जगाचा एका हंड्यात मिसळतो आणि त्या हंड्यातून आर्क्टिकला वाटा मिळतो.

हंड्यात किती? संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे २०१५ साली माणसाने हवेत सोडलेला पारा सुमारे २,२२० टन. त्यात जवळजवळ निम्मा आशियातून. सगळ्यात मोठा हिस्सा, ३८ टक्क्यांच्या आसपास, छोट्या सोन्याच्या खाणींचा, माती-सोन्यात पारा कालवायचा आणि मग तो भट्टीवर उडवायचा, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, इंडोनेशियात लाखो गरीब माणसं हे हाताने करतात आणि पहिली वाफ त्यांच्याच नाकात जाते. कोळसा २१ टक्क्यांच्या आसपास.

चंद्रपूरकर, राख पकडायला चिमणीआधी जे विजेचे सापळे असतात ते कणांना धरतात. वाफेच्या रूपातला पारा त्यातून बराचसा निसटतो. गंधक धुणारी यंत्रणा बसवली तर पाऱ्याचं जे रूप पाण्यात विरघळतं ते तिथे पकडलं जातं. भारताने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा पहिल्यांदा लिहिली, घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. गंधकाच्या यंत्रणेची मुदत मात्र पुढे पुढे जात राहिली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

शंकेखोर_नाही_पण

धागा उत्तम आहे, पण एक बाजू राहतेय असं वाटतं म्हणून लिहितो, राग मानू नये. सेशेल्स बेटांवर ७७९ आई-मुलांच्या जोड्यांचा मोठा अभ्यास झाला. तिथले लोक आठवड्याला डझनभर वेळा समुद्री मासे खातात, आयांच्या केसांत पारा चांगला वरचा. मुलं वर्षानुवर्षं तपासली, आणि नुकसान दिसलं नाही. मग आपण इनुइट लोकांना, ज्यांचं हजारो वर्षांचं अन्न हेच आहे, त्यांना घाबरवून पिझ्झा-सोड्याकडे ढकलतोय का? मधुमेह आणि लठ्ठपणा पण खराच आहे ना. माझ्या आईला डॉक्टरने 'मासे कमी करा' म्हटलं आणि ती बिस्किटांवर आली, साखर वाढली, हे मी घरात बघितलंय.

बालरोग_मिरज

शंकेखोर यांचा मुद्दा वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. सेशेल्सचा अभ्यास चांगला आहे. पण त्याच्या जोडीला फेरो बेटं वाचायलाच हवीत.

फेरो म्हणजे नॉर्वे-आइसलँडच्या मधली बेटं. तिथे पायलट देवमाशाची शिकार शेकडो वर्षं होते, आणि मांस विकत नाहीत, गावात वाटून घेतात. फिलिप ग्रांजाँ आणि फेरोचेच डॉक्टर पाल वाइहे यांनी १९८६-८७ मध्ये जन्मलेली १,०२२ बाळं धरली, नाळेचं रक्त आणि आईचे केस ठेवले. मुलं सात वर्षांची झाल्यावर नऊशेच्या वर परत तपासायला आली (आमच्या ओपीडीत लस द्यायला महिन्याने बोलावलं तरी निम्मे येत नाहीत, त्यामुळे या आकड्याचं मला फार वाटतं). १९९७ मध्ये निकाल छापला. जन्माच्या वेळी पारा जास्त असलेल्या मुलांमध्ये भाषा, लक्ष, स्मरण यांत घट. मूल बघून ओळखू येणार नाही अशी. वर्गात एखादं मूल शब्द आठवायला थोडं जास्त थांबतं, एवढीच. पण सगळ्या गावाचं तेवढं मागे सरकलं तर?

नुनाविकमध्येही मुलांचा असाच लांब पल्ल्याचा अभ्यास आहे, नाळेच्या रक्तापासून सुरू केलेला. साधारण अकराव्या वर्षी तपासलं तेव्हा गर्भातल्या पाऱ्याचा संबंध बुद्ध्यंक आणि लक्ष न लागण्याशी दिसला.

सेशेल्स आणि फेरोत फरक का, तर सेशेल्सचे लोक कमी पाऱ्याचे मासे रोज खातात, फेरोचे लोक किलोला सुमारे २ मिलिग्रॅम पारा असलेलं मांस मधून मधून, एका दमात. शिवाय माशातलं ओमेगा-३ मेंदूला मदत करतं आणि पाऱ्याचं नुकसान झाकून टाकतं. म्हणजे दोन्ही अभ्यास खरे असू शकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २००० मध्ये दोन्ही समोर ठेवून मर्यादेसाठी फेरोचा आधार घेतला.

आणि २००८ मध्ये फेरोच्याच वैद्यकीय प्रमुखांनी, त्यात वाइहे होते, सांगितलं की पायलट देवमासा माणसाने खाऊ नये. बाहेरच्या प्राणिप्रेमींनी ओरडून सांगणं वेगळं. ज्याच्या आजीने तेच मांस भरवलं त्याने आपल्याच लोकांना हे सांगणं किती जड गेलं असेल.

शंकेखोर_नाही_पण

हे मला माहीत नव्हतं डॉक्टर. एका दमात विरुद्ध रोज थोडं, हा फरक पटला. तरी माझं म्हणणं एवढंच की सल्ला देणाऱ्याने 'त्याऐवजी काय' याचं उत्तर खिशात ठेवूनच तोंड उघडावं.

उत्तरेची_नर्स

+१. अगदी हेच मी तिथे शिकले.

पक्षीवेडा

माणसांचं चाललंय त्यात मी पाखरांचं आणतो. आयव्हरी गल म्हणून पांढराशुभ्र कुरव आहे, जन्मभर बर्फाच्या कडेने राहतो, अस्वलाने मारलेल्या सीलच्या उरल्यासुरल्यावर पण जगतो. कॅनडात त्याची संख्या १९८० नंतर फार घसरली. संशोधकांनी काय केलं, तर संग्रहालयांच्या खणांमध्ये ठेवलेल्या जुन्या पक्ष्यांची पिसं काढली, १८७७ पासून २००७ पर्यंतची, आणि त्यात मिथाइलमर्क्युरी मोजलं. १३० वर्षांत ४५ पट. आणि त्या पिसांतल्या कार्बन-नायट्रोजनवरून त्याचं खाणंही तपासलं, ते बदललेलं नाही. तेच खाणं, पण त्यातला पारा वाढलेला. १८७७ मध्ये ज्याने तो पक्षी पेंढा भरून खणात ठेवला त्याला काय माहीत की तो पुढे साक्षीला उभा राहील.

तसंच नार्व्हाल या सुळेवाल्या देवमाशाच्या सुळ्याचं. झाडाच्या खोडासारखे त्यात थर असतात, वर्षाला एक. वायव्य ग्रीनलँडमधले १० सुळे उभे कापून डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठातल्या रुने डीट्झ यांच्या गटाने थर वाचले, २०२१ मध्ये आलं ते. १९९० पर्यंत जनावर बर्फाशी जोडलेली मासळी खात होतं, मग बर्फ कमी झाल्यावर उघड्या पाण्यातल्या कॅपेलिनसारख्या छोट्या माशांवर आलं. साखळीत खाली उतरल्यावर पारा कमी व्हायला हवा ना? पण २००० नंतर तो चढतच गेला. खाण्यावरून त्याचा हिशोब लागत नाही.

एकूण आर्क्टिकच्या प्राण्यांच्या केसांत, दातांत, पिसांत औद्योगिक काळाआधीपेक्षा आज १० ते १२ पट पारा आहे. म्हणजे आज अस्वलाच्या अंगातला ९० टक्क्यांहून जास्त पारा आपण घातलेला.

कुतूहल_पुणे

मग ते प्राणी मरत का नाहीत? की मरतात आणि कळत नाही?

पक्षीवेडा

काहींनी उपाय काढलाय. अस्वल केसांत पारा ढकलतं आणि दरवर्षी केस गाळतं. पक्षी पिसांत. दातवाले देवमासे आणि सील यकृतात मिथाइलमर्क्युरी मोडून सेलेनियमला बांधतात, त्याचे बारीक कण होतात, अगदी खडूच्या भुकटीसारखे निरुपद्रवी, आणि ते मरेपर्यंत तिथेच पडून. पण त्यात सेलेनियम खर्च होतं, आणि मेंदूत पोचतं ते पोचतंच.

पलीकडच्या ध्रुवावर स्कुआ पक्ष्यांमध्ये असं दिसलंय की अंगात पारा जास्त असलेल्यांची पिल्लं कमी जगतात. मोठा पक्षी धडधाकट दिसतो, घरटं मात्र रिकामं. मजा बघा (वाईट अर्थाने), तिथे मुख्यतः क्रिलवर (कोळंबीसारखे छोटे जीव) जगणारे ॲडेली पेंग्विन बरेच सुरक्षित, कारण साखळी आखूड. पाऱ्याचा विक्रम भटक्या अल्बट्रॉसकडे, तो म्हातारा होतो, मोठे स्क्विड खातो.

गोंयकार

गोव्यातून एक भर. वास्कोला हेडलँड सड्यावर आपलं राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, एनसीपीओआर, शाळेत असताना आम्हाला तिथे नेलं होतं. आपलं हिमाद्री ठाणं नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलसुंद गावात २००८ पासून आहे. त्याच गावाच्या डोक्यावर झेपेलिन नावाचा डोंगर, ४७४ मीटरवर नॉर्वेची वेधशाळा, रोपवेने वर जातात, आणि तिथे हवेतला पारा वर्षानुवर्षं मोजतात. म्हणजे भारतीय माणूस सकाळी खिडकी उघडतो तेव्हा समोर तोच डोंगर. चंद्रपूरकरांनी गच्चीवरून चिमणी बघायची आणि त्या हंड्याचं दुसरं टोक इथे, असं वाचताना वाटलं. भारताने पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता करारावर २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलंय, त्याच्या प्रस्तावनेत आर्क्टिक आणि तिथल्या आदिवासींचा वेगळा उल्लेख आहे.

सागरिका_वेंगुर्ला

मिनामाता म्हणजे जपानची ती कारखान्याची घटना ना, मांजरं नाचायला लागली ती?

बालरोग_मिरज

हो. १९५६ मध्ये अधिकृत नोंद झाली, चिस्सो कंपनीचं सांडपाणी खाडीत. मांजरं नाचत नव्हती, ती झटके येऊन कोसळत होती. करार २०१३ मध्ये कुमामोतोला झाला, १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू. पण तिथे नळ दाखवता येत होता, हा कारखाना, ही खाडी. आर्क्टिकला कुणाकडे बोट दाखवणार?

सागरिका_वेंगुर्ला

बरं, आणि आपल्या ताटाचं पण कोणी सांगा, मला सहावा महिना आहे. नेटवर 'किंग मॅकरेल खाऊ नका' वाचून सासूबाईंनी सुरमई आणि बांगडा दोन्ही बंद केलेत.

बालरोग_मिरज

अभिनंदन! अमेरिकेच्या यादीतला किंग मॅकरेल हा अटलांटिकचा वेगळा मासा, आपल्या सुरमईचा चुलत भाऊ म्हणा. तरी सुरमईही मोठी शिकारी, त्यामुळे मोठ्या सुरमईचे तुकडे क्वचित, आणि मोरी (शार्क) तर या दिवसांत नकोच. बांगडा, तारली, मांदेली, कोळंबी निर्धास्त. लहान मासा, थोडं आयुष्य, थोडा पारा. सासूबाईंना बांगडा परत सुरू करायला सांगा, बाळाच्या मेंदूला हवाय तो.

चंद्रपूरकर

ताई, त्या मुलीचं काय झालं पुढे?

उत्तरेची_नर्स

हो, ते राहिलंच.

मी आजीला सोबत घेऊन परत तिच्या घरी गेले. या वेळी काय बंद यापेक्षा तिच्या घरात फ्रीझरमध्ये काय आहे इथून सुरुवात केली. आजीने एकेक पिशवी काढून जमिनीवर मांडली. मत्ताक, हे राहू दे. चार मासा, हा भरपूर. शिंपले, कॅरिबू (उत्तरेतलं हरीण), रानहंस, हे सगळं चालेल. निक्कूची पिशवी आजीने उचलली आणि तिच्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवली, म्हणाली हे आता तुझं, हिच्यासमोर खाऊ नकोस. तो नवरा शिकारी होता. त्याने विचारलं की म्हणजे माझी शिकार घाण आहे का. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. आजी त्याच्याशी इनुक्तितुतमध्ये बराच वेळ बोलली, मला तिने नंतर एवढंच सांगितलं की मी त्याला म्हटलं घाण तुझी नाही, ती दक्षिणेकडून आलीये.

मग आम्ही केस घेतले. डोक्याच्या मागच्या बाजूने, मुळाशी कापून एक बारीक बट, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधायचा म्हणजे उलटसुलट होत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे त्या बटेचे सेंटीमीटर-सेंटीमीटर तुकडे केले की गेले महिने एकामागून एक वाचता येतात. ती कधी काय खात होती ते सगळं त्यात. तिच्या बटेत शिकारीचा महिना उंचवट्यासारखा दिसला आणि त्यानंतर उतार. रक्तातला पारा अर्धा व्हायला दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे जन्मापर्यंत आमच्याकडे वेळ होता, फार नाही पण होता.

मुलगी झाली. मी तिथून निघाले तेव्हा ती आठ महिन्यांची होती, आजी तिला उकडलेला चार मासा बोटाने कुस्करून भरवत होती, आधी स्वतःच्या जिभेवर काटा आहे का बघून, जशी माझी आजी मला करंजा नदीचा मासा… नाही, चुकले, आमच्याकडे कृष्णेचा मासा भरवायची तशी.

पुढचा रिपोर्ट माझ्या हातात आला नाही, तोवर मी दक्षिणेत परतले होते. नुनाविकचे अजून कोणते प्रश्न असतील तर विचारा, रविवारी परत येते धाग्यावर.